न्यूटनच्या आईचे शेत

लंडनहून आगगाडीने ग्रँथमला उतरावे. तेथून दक्षिणेस सुमारे १३ किलोमीटरवर वूल्सथॉर्प हे खेडे लागते. आम्ही तेथे जे पाहिले ते साधे दगडी शेतघर. शेजारी कोठारे आणि फळझाडे. २५ डिसेंबर १६४२ रोजी (त्यावेळच्या जुन्या पंचांगानुसार) आयझॅक न्यूटन याच घरात जन्मला.

न्यूटनच्या आजोबांनी ही जमीन १६२३ साली घेतली. बाप मुलाच्या जन्माआधी तीन महिने वारला. मागे २३४ मेंढ्या आणि ४६ गुरे होती, पण त्या बापाला स्वतःची सही येत नव्हती! पोर तीन वर्षांचे असताना आईने दुसरे लग्न केले आणि ते आजीजवळ राहिले.

पुढे दुसरा नवराही वारल्यावर आई परतली. तिने मुलाला ग्रँथमच्या शाळेतून काढून शेतीला लावले. मुलाचे लक्ष पुस्तकात! मेंढ्या व डुकरे दुसऱ्यांच्या शेतात शिरली, कुंपण मोडके राहिले, म्हणून १६५९ साली गावच्या न्यायसभेने त्याला दंड ठोठावला. अखेर मामा आणि शाळामास्तर स्टोक्स यांनी आईची समजूत घातली. मास्तरांनी तर ४० शिलिंग फी सोडून देण्याची तयारी दाखविली. वाचकहो, या मास्तरांचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

१६६१ साली न्यूटन केंब्रिजला गेला, तो श्रीमंत विद्यार्थ्यांची सेवाचाकरी करून शिकणारा म्हणून. आईला पैशाची ददात नव्हती, तरीही! १६६५ साली प्लेगमुळे विद्यापीठ बंद पडले व तो घरी आला. येथेच त्याने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले, आणि गुरुत्वाकर्षणाचा विचार त्याच्या मनात आला तोही येथेच. सफरचंद डोक्यावर आपटले ही मात्र नंतरची भर. ते पडताना त्याने पाहिले, एवढेच तो सांगे.

१९४३ पासून हे घर नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात आहे. कायद्याने त्याला पहिल्या श्रेणीचे संरक्षण आहे. २०१७ साली खास प्रकाशतंत्राने भिंतीवर पवनचक्कीचे पुसट चित्र सापडले. ते बाल न्यूटनने कोरले असावे असे मानतात.

अंगणातले सफरचंदाचे झाड १८२० च्या वादळात कोसळले, पण मुळे जिवंत राहिली आणि ते पुन्हा फुटले. त्याची कलमे पुण्याच्या आयुका संस्थेतही लावली होती. पुण्याच्या हवेत ती टिकली नाहीत.