पहिला साचा

शिसे 327 अंश सेल्सिअसला वितळते. बिदरीच्या भांड्यातल्या जस्ताला 420 अंशांच्या आसपास जावे लागते, तांब्याला तर हजाराच्या वर. त्यांच्या तुलनेत शिसे फार लवकर नमते; साध्या शेगडीवर, लोखंडी पळीत त्याचे पाणी होते. या सोपेपणामुळे मरळ माशासाठी जिग, म्हणजे डोक्यालगत शिशाचा गोळा ओतलेला गळ, घरीच करू पाहणारा माणूस साच्याचा विचार सर्वांत शेवटी करतो. शिसे मिळाले, पळी मिळाली, आता मिळेल तो साचा घ्या, असा हिशेब असतो. माझे म्हणणे नेमके उलट आहे. निवड करायची ती साच्याचीच, आणि पहिला साचा लहान, धातूचा, एकाच आकाराच्या दोन-तीन खोबणींचा घ्यावा. त्याने काम भराभर उरकणार नाही. पण चूक कुठे झाली, ते तो स्वच्छ दाखवतो, आणि शिकणाऱ्याला सुरुवातीला तेवढेच हवे असते.

ओतलेला गोळा बोलतो. अंगावर सुरकुत्या आल्या किंवा मानेशी धातू पोचला नाही, तर साचा थंड होता किंवा शिसे पुरेसे तापले नव्हते. पृष्ठभाग दहिवर पडल्यासारखा पांढुरका झाला, तर तापमान जास्त झाले. कडेने पातळ पापुद्रा सुटला, तर साच्याचे दोन भाग नीट मिटले नाहीत. या खुणा वाचता यायला हव्या असतील, तर बाकीचे सगळे स्थिर राहायला हवे. आठ वजनांच्या आठ खोबणींचा साचा घेतला की लहान खोबण लवकर गोठते, मोठी उशिरा. एकीला चालणारी उष्णता दुसरीला चालत नाही, आणि दोष पळीचा, हाताचा की साच्याचा, ते कळत नाही. लोक म्हणतात की मोठ्या साच्यात पैसे वाचतात, सगळी वजने एका किमतीत मिळतात. पण त्यातली दोन-तीनच वापरात येतात. शिसे इतके जड असते की 10 ग्रॅमचा गोळा जेमतेम 12 मिलिमीटर व्यासाचा होतो आणि 20 ग्रॅमचा 15 मिलिमीटरचा. डोळ्याला फरक थोडा वाटतो, पाण्यात मात्र तो फार असतो. बिदर जिल्ह्यातल्या चिंताकीच्या बाजूला मांजरा नदीच्या पात्रात किंवा तळ्यात, काळ्या मातीच्या गाळावर आणि बुडालेल्या बाभळीच्या खोडांत, जड गोळा रुतून बसतो. कोकणच्या खोल समुद्रात लागणारी वजने इथे कामाची नाहीत. सातपासून दहा ग्रॅमपर्यंतचे एक वजन धरावे आणि ते पक्के करावे.

त्याहून आधी ठरवायचा तो गळ. जिगचा साचा गळाभोवती मिटतो. गळाचा डोळा आणि त्याच्या दांडीचा वाक साच्यातल्या घळीत बरोबर बसावा लागतो. दांडी किंचित जाड असली तरी साचा मिटत नाही, बारीक असली तर शिसे डोळ्यात शिरते. एखादा साचा कितीही देखणा असला आणि त्याला लागणारा गळ बिदर-उदगीरच्या बाजारात वर्षभर मिळत नसला, तर तो साचा घरात पडून राहतो. म्हणून मिळणारा गळ हातात घेऊन त्याच्या मापाचा साचा शोधावा. आकार साधा, गोल डोक्याचा असावा. टोकदार, चपटे, माशाच्या तोंडासारखे कोरलेले आकार मोहात पाडतात. पण पातळ कडा भरायला सराव लागतो, आणि तो सराव गोल डोक्यावरच होतो.

आता बिदरला लागून राहणाऱ्या माणसाचा रास्त प्रश्न. बहामनी काळापासून या मातीत ओतकाम चालत आले आहे. बिदरीला 2006 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. एरंडेल आणि राळ कालवलेल्या मातीचा साचा त्या कारागिरांना पुरतो, मग आपल्याला धातूचा विकतचा साचा कशाला? या परंपरेबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि त्या आदरापोटीच मी नाही म्हणतो. बिदरीचे भांडे साच्यातून निघाल्यावर खरे काम सुरू होते. ते घासतात, मोरचुदाने तात्पुरते काळे करून त्यावर नक्षी कोरतात, चांदीची तार ठोकतात, आणि शेवटी किल्ल्यातली माती आणि नवसागर लावून कायमचा काळा रंग आणतात. साच्यातली उणीव पुढच्या दहा हातांत भरून निघते. जिगला पुढचा हात नाही. तोंडाचा देठ कापला की तो पाण्यात जातो. शिवाय मातीचा साचा दर वेळी मोडतो. कालचा आणि आजचा गोळा तुलनेला घेता येत नाही, कारण साचाच बदललेला असतो. मातीच्या मापात मुरलेले हात पिढ्यांनी घडतात. पहिल्या महिन्यात ते कुणाकडे नसतात.

मातीच्या आणि प्लास्टरच्या साच्यावर आणखी एक आक्षेप आहे, आणि तो जिवाशी संबंधित आहे. पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सुमारे सतराशे पट होते. साच्यात दडलेल्या ओलीवर तापलेले शिसे पडले, तर ते उसळून डोळ्यांवर येते. धातूचा साचा आधी तापवून कोरडा करता येतो. पावसाळी हवेत माती किंवा प्लास्टर खात्रीने कोरडे झाले, असे म्हणता येत नाही. अॅल्युमिनियमच्या साच्याला आधी मेणबत्तीची काजळी धरली की शिसे चांगले वाहते. चष्मा आणि जाड हातमोजे हवेतच. जुन्या बॅटरीच्या पट्ट्या कधीही वितळवू नयेत, त्यांतून विषारी वायू निघू शकतात.

सगळ्यांत जड आक्षेप मात्र शिशावरच आहे. रक्तातले शिसे कितीही थोडे असले तरी ते सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि लहान मुलांना त्याचा त्रास सर्वाधिक. ब्रिटनने 1987 सालीच हंसांच्या मृत्यूंमुळे गळाला लावायच्या लहान शिशाच्या वजनांवर बंदी घातली. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, आणि हा आक्षेप मी टाळत नाही. उघड्यावर काम करावे, स्वयंपाकाची भांडी आणि मुले लांब ठेवावीत, राख घरात नेऊ नये, हात धुतल्याशिवाय खाऊ नये. आणि साचा असा घ्यावा की उद्या शिसे सोडले तरी तो निकामी होणार नाही. कथील 232 अंशांनाच वितळते, पण हलके असते. ज्या खोबणीत 10 ग्रॅम शिसे बसते, तिथे कथील साडेसहा ग्रॅमच्या आत बसते. म्हणून दोन खोबणींत निवड करायची वेळ आली, तर किंचित मोठी घ्यावी. शिशाने ती दहा ग्रॅम देईल, कथलाने साडेसहा, आणि मरळीला साडेसहा चालतात.