साखळीचा हिशोब

शिडाची होडी किनाऱ्याजवळ आली की पाहुण्यांचं एकच टुमणं असतं, “अजून थोडं आत घ्या ना.” वाळू हाकेच्या अंतरावर दिसत असते. माझं लक्ष तेव्हा वाळूकडे नसतं. समोरच्या पाण्यातून मी पहाटेची ओहोटी वजा करत असतो.

मांडव्याच्या बाजूला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पाण्यात ४ मीटरांहून जास्त फरक पडतो. समजा, ओहोटीला ३ मीटर पाणी उरेल अशी जागा धरली. भरतीला तिथे ७ मीटर होणार. नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, उंची १ मीटर मिळवली की ८. साखळी त्याच्या पाचपट, म्हणजे ४० मीटर. नुसता दोर असेल तर सातपट. होडी नांगराच्या वजनावर उभी राहते हा मोठा गैरसमज. तळाशी लोळणारी साखळी ओढ आडवी ठेवते आणि आडव्या ओढीने नांगराचा फाळ चिखलात आणखी रुततो. ओढ वर गेली की तो उपटून निघतो. भारी किमतीचा नांगर घेऊन साखळीत काटकसर करणारे लोक मला कळत नाहीत.

आता खरी गोम. साखळी मोजली भरतीच्या पाण्यावर, पण ती तेवढीच लांब असताना ओहोटीही येणार. होडी ९ मीटरची असेल तर ती नांगराभोवती जवळजवळ ५० मीटर त्रिज्येचा घेर धरते. त्या अख्ख्या घेरात, सुकतीलाही, तळाचा कणा दीड मीटर खोल असलेली माझी होडी तरंगायला हवी. म्हणून पाहुण्यांना थोडं पोहावं लागतं.

घेर फिरवतो तो वारा. हिवाळ्यात दुपारी वायव्येचा वारा होडीला किनाऱ्याकडे रेटतो. रात्री जमिनीकडून मतलई सुटली की तीच होडी तोंड फिरवून समुद्राकडे सरते. संध्याकाळी निवांत दिसणारी जागा दुसऱ्या दिवशी दुपारी तशीच असेल असं नाही. मुक्काम लांबणार असेल तर मी दुपारचा वारा धरूनच जागा ठरवतो.

बाकी कृती साधी आहे. वाऱ्याला तोंड करून होडी थांबवायची, नांगर फेकायचा नाही, हलकेच तळाला टेकवायचा, होडी मागे सरेल तशी साखळी सोडत जायची. मग इंजिन उलटं चालवून फाळ रुतवायचा. या वेळी मी साखळीवर तळपाय ठेवतो. ती ताठ आणि गप्प असेल तर नांगर धरला; घरघर जाणवली तर तो तळावरून घसटतोय. मग काठावरचं एखादं झाड आणि त्यामागचं देवळाचं शिखर एका रेषेत धरून ठेवायचं. रेष मोडली की नांगर सरकला का, हे बघायला उठायचं. मोबाइलवर गजर मीही लावतो, पण चांदण्यात शिखर दिसत असेल तर आधी तेच बघतो.

एवढं करूनही शेजारी राहतोच. आधी नांगरलेल्याचा घेर मोकळा सोडायचा, ही दर्यावरची जुनी रीत. पण आखूड दोरावर उभी असलेली हलकी मोटरबोट वाऱ्याबरोबर वळते आणि खोल कण्याची आमची होडी प्रवाहाबरोबर. दोघींची तोंडं वेगळ्या दिशांना जातात. नवा कोणी जवळ येऊन थांबला की मी ओरडून विचारतो, “साखळी किती सोडलीत?” “आहे भरपूर!” असं उत्तर आलं, की अंधार पडायच्या आत मी माझा नांगर उचलायला घेतो.