स्टेफनीचं बाळ

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या लेकीनं एक इंग्रजी कॉमिक माझ्यापुढं टाकलं आणि म्हणाली, "आई, यात नुसती मारामारी असते असं म्हणतेस ना? मग हे वाच." मी कॉलेजात इंग्रजी शिकवते, त्यामुळं घरात इंग्रजी काही आलं की परीक्षेला मलाच बसवतात. चित्रांच्या गोष्टींशी माझं नातं चांदोबा आणि इंद्रजालमधल्या वेताळापाशीच थांबलेलं. आमचे हे धारवाडकडचे. त्यांनी तोच चांदोबा कन्नडमधून वाचलेला. बॅटमन दोघांनाही परकाच.

गोष्ट खरं तर बॅटमनची नाही, त्याच्या तरुण साथीदाराची, रॉबिनची. १९९८-९९ साली 'रॉबिन' या मासिकात लेखक चक डिक्सन यांनी ती लिहिली. तीत स्टेफनी ब्राऊन नावाची शाळकरी पोर आहे. बाप गुन्हेगार, आई गोळ्यांच्या आहारी गेलेली. बापाचे बेत उधळायचे म्हणून पोरीनं मुखवटा चढवला आणि 'स्पॉयलर' हे नाव घेतलं. रॉबिनशी तिचं जमत आलेलं असतानाच कळतं की तिला दिवस गेलेत. रॉबिनपासून नव्हे, आधीच्या मित्रापासून. तो मित्र गॉथम शहरात भूकंप होताच पळून गेलेला.

आता इथं आपल्याकडच्या सिनेमात काय झालं असतं हे सांगायला नको. विहीर तरी आली असती, नाहीतर मोठ्या मनाचा नायक मंगळसूत्र घेऊन. या कॉमिकमध्ये दोन्ही नाही. रॉबिन तिच्याबरोबर बाळंतपणाच्या तयारीच्या वर्गाला जातो, एवढंच. तेही ॲल्विन ड्रेपर असं खोटं नाव सांगून, वेष बदलून. तिला अजून त्याचं खरं नावही ठाऊक नाही. रात्री गच्च्यांवरून उड्या मारणारा पोरगा दिवसा इतर जोडप्यांच्यात बसून श्वास कसा घ्यायचा ते शिकतो. त्यातलं मूल त्याचं नाही, आणि कुणी त्याला तसं करायला सांगितलेलंही नाही. मला सगळ्या अंकांत तेवढंच खरं शौर्य वाटलं.

एक तक्रार मात्र आहे. मासिकाचं नाव 'रॉबिन', त्यामुळं पोट तिचं आणि घालमेल त्याची! तो वेळेवर पोचेल का, तो बॅटमनला काय सांगेल, हेच जास्त. तिच्या मनात रात्री काय चालत असेल, ते फार थोडं कळतं. पळून गेलेल्या त्या मित्राला तर कुणी जाबही धड विचारत नाही. इथं अमेरिका आणि बेळगाव यांत काडीचा फरक नाही.

१९९९ साली स्टेफनी बाळंत होते आणि मूल दत्तक देते. मुलगा की मुलगी, हेसुद्धा तिला कळत नाही.

मी हे वाचत होते तेव्हा सासूबाई शेजारी शेंगा सोलत बसलेल्या. "एन ओदाकत्ती?" म्हणून त्यांनी विचारलं. मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये सगळी गोष्ट सांगितली. बिनलग्नाची बसुरी म्हटल्यावर त्या नाक मुरडतील असं वाटलं होतं. त्या शांतपणे ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "मुंद एनातु?" मग मी पुढचंही सांगितलं. लेकीनं भर घातली. २००४ मध्ये स्टेफनी थोडे दिवस स्वतः रॉबिन झाली, त्याच वर्षी तिला छळ करून मारलं, वाचकांनी आरडाओरडा केला, २००८ मध्ये ती जिवंत असल्याचं दाखवलं, २००९ मध्ये ती बॅटगर्ल झाली. २०११ मध्ये कंपनीनं सगळ्या पात्रांचा इतिहासच नव्यानं मांडला.

सासूबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. "कूसु एल्लैती?"

बाळ कुठं आहे? लेक गप्प झाली. त्या बाळाचं पुढं कुणीच काही केलं नाही. मेलेली नायिका परत आणता येते, पण ते मूल कुणाला आठवलं नाही. सासूबाईंना हे पटेना. त्यांच्या डोळ्यांपुढं कुंती असणार. आपल्या गोष्टीत पेटी नदीत सोडली तरी मूल परत येतं, आणि चांगलं रणांगणावर समोर उभं राहतं.

मी आत निघून गेले, कारण तेच १९९८ साल माझ्या पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाचं. दिवाळीनंतर माझ्या बाकावरची मैत्रीण यायची बंद झाली. कावीळ झालीय, मावशीकडं निपाणीला गेलीय, असं सांगण्यात आलं. वर्गाला सगळं ठाऊक होतं, बहुधा सरांनाही, कारण हजेरी घेताना ते तिच्या नंबरावर थांबेनासे झाले. आईनं मला बजावलं, "तिच्या घराकडं फिरकायचं नाही." मी फिरकले नाही. सायकलवरून जाताना तिची गल्ली टाळून लांबून जायचे. आईचं नाव पुढं करणं सोपं आहे. पण निपाणीला पत्र टाकायला मला कुणी अडवलं नव्हतं.

आता काळ वेगळा. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं अठराच्या आतल्या मुलीची संमती मानली जात नाही, आणि प्रकरण कळलं की पोलिसांना कळवावंच लागतं. तरी वर्गात एखादी मुलगी सलग आठवडाभर दिसली नाही की मी घरी फोन करते, आणि पलीकडून "कावीळ" हा शब्द आला की माझा हात थरथरतो. बहुतेक वेळा खरोखर कावीळच असते.

मैत्रीण मध्यंतरी हुबळीच्या एका लग्नात भेटली. ओळखून हाक मारली, मिठी मारली. दोन मुलं, शिवणाचं दुकान, गुडघेदुखी, सगळं बोललो. सासूबाईंनी विचारला तो प्रश्न माझ्या ओठांवर आला नाही. तिची अर्थशास्त्राची वही मी दिवाळीच्या सुट्टीत उतरवून घ्यायला आणली होती. तेही तिला सांगितलं नाही. वही अजून माझ्या कपाटात आहे, तपकिरी कव्हर घातलेली.