डोंगल ‘चालत नाही’ म्हणजे नक्की काय होतंय?



सोयाबीन पिवळं पडलं म्हणून कुणी फोन केला तर आपण पहिलं काय विचारतो? "खालची पानं पिवळी आहेत का शेंड्याची?" खालची जुनी पानं पिवळी पडत असतील तर नत्राकडे लक्ष जातं. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोहाकडे. नत्र झाडाच्या अंगात फिरतं, जुन्या पानातून नव्याकडे जातं. लोह जागचं हलत नाही, म्हणून त्याची कमतरता नव्या पानावर दिसते. एवढ्या एका प्रश्नाने निम्मं निदान होतं. तो न विचारता दुकानदार देईल ती बाटली फवारली तर पैसे जातात आणि पान पिवळंच राहतं.

आज हे पिकासाठी लिहीत नाहीये. लॅपटॉपसाठी लिहितोय. पण गोष्ट तीच आहे.

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची चिप आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो, म्हणून २०१२-१५ च्या सुमाराचे लॅपटॉप त्यात बसत नाहीत. आपल्या भागातल्या शेतकरी कंपन्या, बचत गट, रोपवाटिका यांच्याकडे नेमके हेच लॅपटॉप आहेत. भंगारात घालायचे का? ४ जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंट त्यावर व्यवस्थित चालतं, आणि त्याला एक रुपया लागत नाही. त्यामुळे बरेच जण तिकडे वळलेत. लिनक्स टाकणं अर्ध्या-एक तासाचं काम. त्यानंतर माणूस अडतो तो दोन ठिकाणी: नेट जोडताना आणि सॉफ्टवेअर टाकताना.

आमच्या कंपनीच्या खरेदी केंद्रावर वजनाच्या नोंदी करणारी एक ताई आहे. तिचा संध्याकाळी फोन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी माल यायचा होता.

"दादा, डोंगल चालत नाही."

"दिवा लागतो का त्याचा?"

"लागतो. लुकलुकतोय."

"पडद्यावर काही नवीन आलं का?"

"सीडीचं चित्र आलं. पण मी तर सीडी घातलीच नाही."

इथेच निदान झालं. दहा मिनिटांत नेट सुरू झालं. मग ती म्हणाली, "तुमच्या आधी दोघांना विचारलं. एक म्हणाला लिनक्स टाकलंच कशाला. दुसरा म्हणाला आधी सगळं वाचून ये. मी ठरवलं होतं, उद्या संचालकांना सांगायचं की हे माझ्याच्याने होत नाही, वहीच बरी."

ही मुलगी वजनात पाव किलोचा फरक पकडते. तिला मशीन जमत नाही असं नाही. तिला कुणी ‘दिवा लागतो का’ एवढं विचारलं नव्हतं. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय. कमांड इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या, मी इथे फक्त उच्चार लिहितोय.

पहिली गोष्ट, मोटर खोलायच्या आधी आपण फ्यूज बघतो. तसं डोंगलमधलं सिम काढून मोबाईलमध्ये घाला. तिथे नेट चालतंय का? रिचार्ज संपलेला असेल तर लिनक्सचा काय दोष. आणखी एक बघा, डोंगल ३जी आहे का ४जी. जिओचं २जी-३जी नेटवर्कच नाही, त्यामुळे जुन्या ३जी डोंगलमध्ये जिओचं सिम घालून काहीही केलं तरी रेंज येणार नाही. काही जुने डोंगल एकाच कंपनीच्या सिमला बांधलेले असतात, तेही तपासा.

दुसरी गोष्ट, लॅपटॉपला डोंगल दिसतोय का? टर्मिनल उघडून ‘एलएसयूएसबी’ ही कमांड द्या. जोडलेल्या वस्तूंची यादी येते. डोंगल काढून एकदा आणि लावून एकदा द्या, जी ओळ वाढली तो आपला डोंगल. ओळच वाढली नाही तर पुढचं काही करू नका. दुसऱ्या पोर्टला लावा, हब वापरत असाल तर काढा. साध्या यूएसबी २.० पोर्टमधून ५०० मिलीअँपिअरच मिळतात. एका हबवर माऊस, पेनड्राइव्ह आणि डोंगल लावला तर शेवटच्या सऱ्यांना पाणी पोचत नाही तसं होतं.

तिसरी गोष्ट, तेच सीडीचं चित्र. बऱ्याच डोंगलच्या पोटात विंडोजचं सॉफ्टवेअर भरलेलं असतं. लावल्या लावल्या तो आधी ‘मी सीडी आहे’ असं सांगतो, म्हणजे विंडोजने त्यातून सॉफ्टवेअर घ्यावं. लिनक्सला ते नको असतं. त्याला सांगावं लागतं की बाबा, आता मोडेम हो. हे काम ‘यूएसबी मोडस्विच’ नावाचा छोटा प्रोग्राम करतो. मिंटमध्ये तो बहुतेक वेळा आधीच असतो. नसेल तर टाकून घ्यायचा. कधी कधी त्या सीडीच्या चित्रावर राइट क्लिक करून ‘इजेक्ट’ केलं तरी डोंगल रूप बदलतो. ताईचं काम तेवढ्यावरच झालं. बदल झाला की नाही हे त्या यादीतल्या आकड्यावरून कळतं. उदाहरणार्थ हुआवेईच्या ई३३७२ या डोंगलचा एक प्रकार आधी १एफ०१ दाखवतो आणि मोडेम झाल्यावर १४डीसी.

चौथी गोष्ट, डोंगल दोन जातीचे असतात. एक जात स्वतःच छोटा राउटर असते. लॅपटॉपला ती नेटवर्क केबल लावल्यासारखी दिसते. तिची सेटिंग ब्राउझरमध्ये उघडतात, हुआवेईच्या अशा डोंगलला बहुधा १९२.१६८.८.१ या पत्त्यावर. दुसरी जात खरा मोडेम. तिच्यासाठी नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘मोबाईल ब्रॉडबँड’ निवडून देश, कंपनी आणि एपीएन भरायचं. एपीएन म्हणजे कंपनीच्या दारावरचं नाव. एअरटेलचं एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम, जिओचं जिओनेट, बीएसएनएलचं बीएसएनएलनेट. एक अक्षर चुकलं तर रेंज पूर्ण दिसते आणि नेट मात्र येत नाही.

दुसऱ्या जातीचा डोंगल नक्की कुठे अडलाय ते विचारता येतं. ‘एमएमसीएलआय’, मग एक जागा, मग डॅश आणि कॅपिटल एल अशी कमांड द्या. मोडेमचा नंबर येतो, बहुतेक शून्य. मग त्याच कमांडला डॅश, छोटा एम, जागा आणि तो नंबर जोडा. त्यात ‘स्टेट’ नावाची ओळ असते. तिथे ‘फेल्ड’ असेल तर कारणही दिलेलं असतं, बऱ्याचदा सिम सापडत नाही हेच. ‘लॉक्ड’ म्हणजे सिमचा पिन हवाय. ‘सर्चिंग’ म्हणजे रेंज शोधतोय. ‘रजिस्टर्ड’ म्हणजे टॉवरशी ओळख झाली, आता एपीएन बघा. ‘कनेक्टेड’ म्हणजे डोंगलचं काम झालं, आता दोष असेल तर पुढे कुठेतरी आहे. माती परीक्षणाच्या अहवालासारखी ही ओळ आहे.

‘सर्चिंग’वरच अडकलं तर दोन-तीन मीटरची यूएसबी वायर घेऊन डोंगल खिडकीत किंवा पत्र्याच्या बाहेर काढा. पत्र्याच्या शेडमध्ये रेंज मरते. वायर पाच मीटरच्या पुढे नेऊ नका.

पाचवी गोष्ट जुन्या लॅपटॉपवर हमखास भेटते. नेट जोडलेलं दाखवतंय, पण साइट उघडत नाहीत, ‘सुरक्षित नाही’ असं काहीबाही येतं. कोपऱ्यातली तारीख बघा. आतली छोटी बॅटरी संपली की लॅपटॉप बंद केल्यावर घड्याळ दहा-पंधरा वर्षं मागे जातं. साइटचे सुरक्षा दाखले तारखेवर तपासले जातात, म्हणून सगळं नाकारलं जातं. तारीख नीट करा आणि ती बॅटरी बदलून घ्या. स्वस्तात मिळते.

आता मोठा पेच. मोडेम चालवायला एखादा प्रोग्राम हवा, तो उतरवायला नेट हवं, आणि नेटसाठी मोडेम हवा. यावर उपाय खिशातच आहे. मोबाईल चार्जिंगच्या वायरने लॅपटॉपला जोडा आणि मोबाईलच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करा. अँड्रॉइड फोन लिनक्सला लगेच कळतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. वायर मात्र डेटा जाणारी हवी. नुसती चार्जिंगची वायर असेल तर दिवसभर बसलात तरी काही होणार नाही.

नेट आलं की सॉफ्टवेअर. इथे विंडोजची सवय आड येते. लोक गुगलवर शोधून ईएक्सई फाइल उतरवतात आणि ती उघडत नाही म्हणून वैतागतात. लिनक्समध्ये आधी ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’ उघडायचा आणि तिथे नाव शोधायचं. तिथला माल म्हणजे निळ्या टॅगचं प्रमाणित बियाणं समजा. प्रत्येक पॅकेजच्या मागे डिजिटल सही असते आणि ती तपासूनच ते आत येतं. कुठल्यातरी पानावरून लांबलचक कमांड उचलून ‘सुडो’ लावून चिकटवणं म्हणजे लेबल नसलेली बाटली पंपात ओतणं. ‘सुडो’ म्हणजे घराच्या सगळ्या किल्ल्या. ओळीचा अर्थ कळत नसेल तर चिकटवू नका.

टर्मिनलमधून टाकायचं असेल तर आधी ‘सुडो एपीटी अपडेट’. याने फक्त दुकानाची यादी ताजी होते, काही बदलत नाही. मग ‘सुडो एपीटी इन्स्टॉल’ आणि नाव. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर टिंबही दिसत नसेल तर घाबरू नका, अक्षरं आत जातात. ‘लॉक’ मिळत नाही असा संदेश आला तर मागे आपोआप अपडेट चाललेलं असतं. पाच-दहा मिनिटं थांबा. लॉकची फाइल उडवा असा सल्ला कुणीतरी देईल, ऐकू नका. कांडपाचा पट्टा फिरत असताना हात घालण्यातला प्रकार आहे.

हिशेबाच्या तक्त्यांसाठी लिब्रेऑफिस आधीच असतं. शेताचे नकाशे करायचे तर क्यूजीआयएस मिळतं, पण ते सगळं मिळून काहीशे एमबी उतरतं, तालुक्याला वायफाय असेल तिथे उतरवा. मराठीसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारतीय भाषांत मराठी निवडा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायली मात्र वेड्यावाकड्या इंग्रजी अक्षरांत दिसतील. फाइल खराब झालेली नसते, तो फॉन्ट तिथे नसतो.

सगळंच जमेल असं मी म्हणत नाही. हिशेबाची काही सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतात, डिजिटल सहीच्या टोकनला कधी कधी त्रास होतो. त्यासाठी गटात एक विंडोजचं मशीन राहू द्या. आणि कायमचं टाकण्याआधी लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून बघा. डिस्कला हात न लावता वायफाय, डोंगल, प्रिंटर सगळं तपासता येतं. नवं वाण आपण आधी दोन ओळींतच लावून बघतो ना?

विचारताना एवढंच करा: डोंगलचं नाव आणि नंबर, लिनक्स कुठलं आणि कितवं, काय केल्यावर काय दिसलं, आणि पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा. फोटो काढला तरी चालेल. ‘चालत नाही’ हे लक्षण नाही, ‘सीडीचं चित्र आलं’ हे लक्षण आहे.

आणि ज्यांना येतं त्यांना हात जोडून सांगणं. समोरच्याला लक्षण सांगता येत नाही, कारण कुठे बघायचं हे त्याला अजून कुणी दाखवलेलं नाही. आपल्या बांधावर येणारा चांगला कृषी सहायक ‘तुम्हाला एवढं कळत नाही का’ असं म्हणत नाही. तो वाकतो, पान उलटं करतो आणि म्हणतो, "हे बघा, इथे." तेवढं केलंत तर पुढच्या वेळी तो माणूस पान स्वतः उलटं करून बघतो. ताईने परवा शेजारच्या गटातल्या एकाला फोनवर पहिला प्रश्न काय विचारला माहितीये? "दिवा लागतो का?"