थाळीचा दिवा

भूमला आमच्या खालाच्या घरासमोर एक जुना लोखंडी खांब आहे. त्याच्या बाकदार नळीच्या टोकाला पत्र्याची गोल टोपी आहे. वरून हिरवी, आतून पांढरी, इनॅमलच्या जुन्या थाळीसारखी. कडेचे कपचे उडाले आहेत, तिथे गंज चढला आहे. मोहल्ल्यात त्याला 'थाळीचा दिवा' म्हणतात.

जानेवारी २०१५ मध्ये रस्त्यांवर एलईडी बसवण्याची देशव्यापी योजना सुरू झाली. त्यानंतर गावोगावचे पिवळे बल्ब, ट्यूबलाइट, सोडियमचे दिवे उतरत गेले. हा एक राहिला. कोणी जपला म्हणून नव्हे; गल्ली इतकी अरुंद की शिडीची गाडी आत शिरत नाही.

लहानपणापासून त्याच्याखालून जात होते, पण मान वर करून कधी पाहिले नव्हते. पाहायला शिकले ते मुंबईत. अम्मीच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आम्ही भेंडी बाजारात नातेवाइकांकडे उतरलो होतो. तिथे समजले की ऑक्टोबर १८६५ मध्ये मुंबईत पहिल्यांदा रस्त्यावर गॅसचे दिवे लागले, तेव्हा त्या पहिल्या रस्त्यांत भेंडी बाजारही होता. दिवे लावणारा एका खांबावरून दुसऱ्या खांबाकडे जाई आणि मागून बघ्यांची गर्दी चाले. पुढे १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे आले आणि हळूहळू गॅस मागे पडला. तरी गिरगावात गॅसच्या जमान्यातला एखादा बिडाचा खांब अजून दिसतो. ओळखायची खूण सोपी: दिव्याखाली शिडी टेकवण्यासाठी एक आडवा दांडा असतो.

वीज येण्यापूर्वी लहान गावांत काचेच्या पेटीत रॉकेलचा दिवा असे. दिवाबत्तीवाला संध्याकाळी खांद्यावर शिडी घेऊन येई, काच पुसे, वात कापे, तेल घाली. कित्येक ठिकाणी चांदण्या रात्री दिवे लावतच नसत, तेवढेच तेल वाचे. चांद पाहून महिना मोजणाऱ्या आपल्या घरांना तो हिशोब समजावून सांगावा लागला नसेल. तो माणूस गेला, शब्द मात्र उरला. ग्रामपंचायतीच्या पावतीवर आजही 'दिवाबत्ती कर' असतो.

हे सगळे डोक्यात घेऊन मी भूमला परतले, तर खाला म्हणाली, "बरं झालं आलीस. तो दिवा बदलायला येणार आहेत."

मी म्हटले, "खाला, नको बदलू देऊस. असे दिवे आता मिळत नाहीत."

खाला शांतपणे म्हणाली, "बेटा, तू चार दिवस राहून जाशील. फजरला तुझे खालू या अंधारातून जातात. मागच्या पावसाळ्यात इथेच पडले. तुला थाळी पाहिजे, मला उजेड पाहिजे."

माझ्याकडे उत्तर नव्हते. गुडघ्याला लागलेल्या माणसासमोर जुन्या वस्तूंचे कौतुक काय करायचे?

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. तो साधी बांबूची शिडी लावून वर चढला. मी भीत भीत विचारले, "थाळी ठेवून फक्त आतला दिवा बदलता येईल का?" त्याने थाळी हलवून पाहिली. पत्रा मजबूत होता. वायर कुजली होती, होल्डर सैल होता. त्याने दोन्ही बदलले आणि त्याच थाळीत एलईडीचा बल्ब बसवला. आतल्या पांढऱ्या इनॅमलवरून उजेड सरळ खाली रस्त्यावर पडला.

वाचकहो, तुमच्याही गल्लीत असा एखादा दिवा असेल. भंगारात जाण्याआधी एकदा मान वर करून पाहा आणि वायरमनला विचारा. मात्र त्याआधी तिथून रोज जाणाऱ्यांना विचारा.

आता मगरिबनंतर खाला ओट्यावर तांदूळ निवडत बसते. परवा अम्मीही शेजारी बसली होती. दोघींत पैज लागली होती, खडे कोणाला जास्त सापडतात याची.