सॉन्सेर : वाईन आणि चीज एकाच टेकडीवर

फ्रान्समध्ये फिरताना वाईनसोबत काय खावं, हा प्रश्न बऱ्याच पर्यटकांना पडतो. ल्वार नदीकाठच्या सॉन्सेरमध्ये त्यावर फार डोकं चालवावं लागत नाही. इथली पांढरी वाईन आणि शेळीच्या दुधाचं चीज एकाच मातीतले आहेत आणि या दोघांच्याच आधाराने इथली कुटुंबं जगत आली आहेत.

पॅरिसहून नेव्हेरकडे जाणाऱ्या रेल्वेने सुमारे दोन तासांत नदीपलीकडच्या स्टेशनवर उतरता येतं. समोर तीनशे मीटरहून थोडी उंच टेकडी, माथ्यावर दगडी घरांचं गाव आणि उतारांवर द्राक्षवेलींच्या रांगा दिसतात. २०२१ मध्ये टीव्ही प्रेक्षकांनी फ्रान्समधलं सर्वांत आवडतं गाव म्हणून सॉन्सेरचीच निवड केली होती.

संकटांतून सावरलेलं गाव

या सुंदर गावाने भीषण उपासमार पाहिली आहे. १५७३ मध्ये धर्मयुद्धाच्या काळात राजाच्या कॅथलिक सैन्याने इथल्या प्रोटेस्टंट लोकांना कित्येक महिने वेढा घातला. धान्य संपलं, घोडे संपले, शेवटी लोकांनी चामडंही उकळून खाल्लं. वेढ्यात अडकलेले धर्मोपदेशक झाँ द लेरी यांनी ही हकिकत लिहून ठेवली. जुन्या किल्ल्याचा एक बुरूज आजही उभा आहे. त्यावर चढलं की सारं खोरं नजरेत येतं.

दुसरं संकट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलं. फायलॉक्सेरा नावाच्या किडीने मुळं पोखरून द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या. तोवर इथे मुख्यतः लाल वाईनची द्राक्षं होती. नव्याने लागवड करताना शेतकऱ्यांनी अमेरिकन खुंटांवर सोव्हिन्यॉन ब्लाँ या पांढऱ्या जातीची कलमं बांधली. ती इथल्या चुनखडीच्या आणि गारगोटीच्या जमिनीत छान रुजली. १९३६ मध्ये सॉन्सेरच्या पांढऱ्या वाईनला अधिकृत भौगोलिक मान्यता मिळाली. म्हणजे आज जगभर नावाजलेली ही वाईन त्या नुकसानीनंतर घडली आहे.

गरिबाची गाय

सॉन्सेरपासून तीन-चार किलोमीटरवर शाविन्योल हे छोटं गाव आहे. पूर्वी पुरुष द्राक्षमळ्यात राबत आणि बायका दोन-चार शेळ्या पाळत. त्या दुधाचं चीज मळ्यात जाताना शिदोरीत असे. हेच ते ‘क्रोताँ द शाविन्योल’. आकाराने मोठ्या पेढ्याएवढं आणि वजनाने साधारण साठ ग्रॅमच्या पुढे. १९७६ मध्ये त्यालाही अधिकृत मान्यता मिळाली. ताजं असताना ते मऊ आणि किंचित आंबट लागतं. मुरत गेलं की कडक आणि तिखट होतं.

जोडी का जमते?

सॉन्सेरच्या वाईनमध्ये लिंबासारखा आंबटपणा आणि ताज्या हिरव्या पाल्याचा गंध असतो. चीजमधला स्निग्धपणा या आंबटपणामुळे जिभेवर जड होत नाही. लाल वाईनचा तुरटपणा मात्र अशा चीजसोबत बहुतेक वेळा कडवट लागतो.

याशिवाय पुढील पदार्थही या वाईनसोबत चांगले लागतात :

• भाजलेलं चीज पावाच्या तुकड्यावर ठेवून केलेलं हिरवं सॅलड
• वाफवलेलं अॅस्परॅगस
• ल्वार नदीतले मासे, लोण्याच्या सौम्य सॉससह
• ऑयस्टर आणि कोळंबी

लाल मांस आणि खूप तिखट पदार्थांसमोर ही वाईन फिकी पडते. ती आठ ते बारा अंश सेल्सिअसला थंड करून देतात. बर्फासारखी गार केली तर तिचा गंधच हरवतो.

जाण्यापूर्वी

वाईन घेत नसाल तरी चीज आणि गाव यांसाठी एक दिवस जरूर काढा. पूर्ण शाकाहारी असाल तर चीजमध्ये प्राण्यांपासून मिळणारं रेनेट आहे का, हे दुकानात विचारून घ्या. वाईनच्या चवी घेत फिरणार असाल तर गाडी स्वतः चालवू नका.

सोव्हिन्यॉन ब्लाँची द्राक्षं आता नाशिकच्या बागांतही पिकतात. त्यामुळे शेळीच्या चीजसोबतची ही जोडी सॉन्सेरला न जाताही चाखून पाहता येईल.