उधाणाच्या दिवशी बोट पाहावी

वसईचा किल्ला पाहायला येणारे बहुतेक लोक तटबंदीपाशी फोटो काढून परततात. किल्ल्याच्या पोटातून जाणारा रस्ता मात्र पुढे जातो आणि किल्लाबंदरला समुद्रावर संपतो. शेजारीच पाचूबंदर. बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घातलेले, दारात जाळी विणत बसलेल्या वयस्कर बाया, आणि ओहोटी असेल तर चिखलात एका कुशीवर कललेल्या बोटी. पोर्तुगीजांनी 1534 मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाकडून हे ठाणे घेतले, 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ते त्यांच्याकडून जिंकले. मधल्या दोनशे वर्षांत इथे मोठमोठी जहाजे बांधली जात. आम्ही सोपाऱ्याचे राहणारे. आमच्या गावाचा मान त्याहून जुना, अरब प्रवासी त्याला ‘सुबारा’ म्हणत. आता सोपाऱ्याचे बंदर गाळाने भरून गेले आहे, म्हणून बोट पाहायची तर वसईलाच यावे लागते.

आणि आम्हाला बोटच पाहायची होती. बाणकोटकडचा आमचा भाचा अकरा वर्षे कुवेतमध्ये राहून परत आला. त्याच्या मरहूम वालिदांची स्वतःची होडी होती. आता परदेशी जायचे नाही, साठवलेल्या पैशांत एक चालू स्थितीतली डिझेल बोट घ्यायची, असे त्याने ठरवले. नवी बोट त्याच्या आवाक्याबाहेरची. वसईच्या बोटी जोराच्या पाण्यात काम करतात, बाणकोटच्या खाडीच्या तोंडाशीही तसेच पाणी असते, म्हणून तो आमच्याकडे आला. अकरा वर्षांची हलाल कमाई एका रंगवलेल्या लाकडात घालायची होती. घरातल्या बायकांनी दुआ केली, आम्ही वही-पेन्सिल घेतली.

पहिला प्रश्न कोणती बोट हा नव्हता, कोणत्या दिवशी पाहायची हा होता. इथले मच्छीमार डोळ जाळ्याने मासे पकडतात. हे जाळे म्हणजे एक लांब पिशवी. ती प्रवाहासमोर तोंड करून समुद्रात बांधून ठेवतात आणि पाण्याचा ओघच मासे आत लोटतो. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बोटी कामावर असतात आणि अष्टमीच्या आसपास, भांगाच्या मंद पाण्याला, किनाऱ्याला विसावतात. साहजिकच विकणारा म्हणतो, भांगाला या, निवांत दाखवतो. त्यात त्याचा काही कावा नसतो. पण भांगाचे पाणी कुठल्याही बोटीला गोड वागवते. उधाणाला या किनाऱ्यावर पाणी साडेचार-पाच मीटर चढते-उतरते, भांगाला त्याच्या निम्मेही नाही. आम्ही दोन्ही नाखवांना विनंती केली की उधाणाचाच एक दिवस द्या, डिझेलचा आणि खलाशांच्या रोजाचा खर्च आमचा. दोघेही कबूल झाले.

दिवस काढायला आम्हाला पंचांग लागले नाही. कोकणातला जुना हिशेब असा, की तिथीला तिनाने गुणायचे, चाराने भागायचे, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराला. आपल्याकडे चाँद बहुधा द्वितीयेच्या संध्याकाळी दिसतो, त्यामुळे चांदाच्या तारखेत एक, कधी दोन मिळवले की तिथी येते. हिजरी महिना पूर्णपणे चंद्रावर चालतो, मध्ये अधिक महिना घुसत नाही. समुद्राच्या कामाला तो फार सोयीचा आहे. मुलांना तारखा पाठ करायला लावतो त्यापेक्षा हे शिकवले तर त्यांच्या जास्त लक्षात राहील. तर चांदाची 15 तारीख: भरती दुपारी बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी पहाटे सहाला. सकाळी बोट कोरडी पाहायची आणि दुपारी तीच बोट जोराच्या पाण्यात चालवायची. मे महिना असल्यामुळे दुपारनंतर पश्चिमेचा वारा असणार हेही धरले होते.

फजर घरी अदा करून रिक्षाने निघालो. सहा वाजता किल्लाबंदरला पाणी इतके दूर गेले होते, की बोटींच्या तळाखालचा चिखल दिसत होता.

पहिली बोट दिसायला देखणी. ताजा रंग, बाहेरून पूर्ण फायबरचा थर. भाच्याचे डोळे लगेच तिच्यावर गेले. सोबत अर्नाळ्याचे एक जुने तांडेल होते, आमच्या एका विद्यार्थ्याचे आजोबा. त्यांनी रंगाकडे पाहिलेही नाही. हातोडीच्या दांड्याने तळाशी टकटक करीत निघाले. भरीव लाकडाचा आवाज टणक येतो, कुजलेल्याचा बसका. जुन्या लाकडी बोटीला बाहेरून फायबर चढवणे यात गैर काही नाही, लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यापासून ती वाचते. पण थर चढवताना लाकूड पूर्ण वाळलेले नसेल तर ओल आतच कोंडते आणि लाकूड आतून सडत जाते. बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून तांडेल आत उतरले, इंजिनाखालच्या तेलकट पाण्यात हात घालून फळ्यांमध्ये दाभण टोचले. दोन ठिकाणी ते पेरूत सुरी जावी तसे आत गेले.

दुसरी बोट साध्या सागवानाची, रंग उडालेला, जागोजागी ठिगळे. फळ्यांच्या सांध्यांत कापूस आणि राळ भरलेली होती, काही जागी ती सुटली होती. खिळ्यांभोवती गंजाचे काळे डाग. तळाचे मुख्य लाकूड मात्र सरळ होते. आमच्या भागातल्या बोटी रोज दोनदा जमिनीवर बसतात, दोनदा उचलल्या जातात. त्या बसण्या-उठण्याचा सगळा भार या लाकडावर येतो. मागून डोळा लावून पाहिले तर त्यात वाक दिसला नाही.

तांडेल मग नाखवाला सोडून खलाशाकडे गेले. दिवसातून किती वेळा पाणी उपसता? हा प्रश्न मालकाला विचारून उपयोग नाही, उपसणाऱ्याला विचारावा. पहिल्या बोटीचा पोरगा नुसता हसला. दुसऱ्याचा म्हणाला, सकाळ-संध्याकाळ.

इंजिन थंड असताना चालू करायचे, हे आधीच सांगून ठेवले होते. आम्ही पोहोचण्यापूर्वी कुणी ते गरम केले तर अर्धी परीक्षा फुकट जाते. हात लावून पाहिले, दोन्ही थंड. तेलाची पट्टी काढून पाहिली. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे असे समजावे. सुरू केल्यावरचा धूर पाहिला. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही किंवा इंजिनावर ताण आहे, निळसर म्हणजे इंजिन तेल खाते आहे, पांढरा बराच वेळ राहिला तर डिझेल न जळताच बाहेर पडते आहे किंवा आत पाणी जाते आहे. पहिल्या बोटीत मोठे इंजिन होते आणि निळसर धूर हटायला तयार नव्हता. शिवाय जुन्या सांगाड्यात मोठे इंजिन बसवले की त्याच्या हादऱ्याने सांधे सुटत जातात. भाचा म्हणाला, “मामू, इंजिन तर बदलता येईल.” तांडेल म्हणाले, “इंजिन बदलता येईल रे, इंजिनाखालचं लाकूड कसं बदलशील?”

दुपारी एकनंतर पाणी फिरले. उल्हास नदीच्या खाडीत कल्याणपर्यंत चढलेले भरतीचे पाणी आता याच तोंडातून समुद्राकडे धावते आणि पश्चिमेचा वारा त्याला समोरून अडवतो. प्रवाह आणि वारा असे आमनेसामने आले की लाट आखूड आणि उभी होते. त्यात वाळूचे दांडे. ज्या पाण्यात सकाळी मुले खेकडे शोधत होती, तिथेच बोटीची नाळ वर जाऊन धाडकन खाली आदळत होती. नायगावकडे जाताना पुलावरून हीच खाडी दिसते तेव्हा कोणाला यातले काही वाटत नाही.

इथे आमची मास्तरकी उपयोगी पडली. प्रवाहाच्या दिशेने आणि विरुद्ध दिशेने जाणाऱ्या नावेचे उदाहरण शाळेत सोडवून घेतो, तेच केले. किनाऱ्यावर दोन खुणा धरल्या, इंजिन एकाच वेगावर ठेवायला सांगितले आणि मोबाइलवर वेळ लावली. पहिल्या बोटीला जाताना 10 मिनिटे लागली, परत येताना 40. म्हणजे तिचा वेग प्रवाहाच्या पावणेदोन पटही नाही. दुसरीला जाताना 10, येताना 30, म्हणजे बरोबर दुप्पट. आणि तीही तीन वाजता, ओहोटीचा जोर वाढलेला असताना. प्रवाह सतत बदलत असतो, त्यामुळे हे आकडे ढोबळ आहेत. पण येणारे दोन माणसांचे जेवण आणि पाण्याचे कॅन एवढ्या ओझ्यावर बोट झगडत असेल, तर बर्फ, जाळे आणि मासळी भरल्यावर ती खाडीच्या तोंडाशी काय करील हे त्यातून कळते.

आडव्या लाटेत दोन्ही बोटी वळवून पाहिल्या. झुकलेली बोट किती लवकर सरळ होते तेवढेच पाहायचे होते. जुनी जड बोट सावकाश झुकली, सावकाश उठली. मागे पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो तिथे थेंब-थेंब पाणी येत होते. तांडेल म्हणाले, तेवढे यायलाच हवे, धार लागली तर काळजी.

बोट पसंत पडली तरी काम संपत नाही. नोंदणी दाखल्यावरचा आयएनडी-एमएचने सुरू होणारा क्रमांक बोटीवरच्या क्रमांकाशी आणि इंजिनाचा क्रमांक कागदाशी जुळला पाहिजे. बोटीवर संस्थेच्या किंवा बँकेच्या कर्जाचा बोजा आहे का? सहकारी संस्थेमार्फत कर्ज काढून बांधलेल्या बोटी पुष्कळ; कर्ज फिटल्याचा दाखला नसेल तर नाव बदलत नाही. मासेमारीचा परवाना वेगळा, तो बोटीबरोबर आपोआप येत नाही. डिझेलवरचा परतावाही संस्थेमार्फतच मिळतो, म्हणजे भाच्याला आधी आपल्या गावच्या संस्थेत सभासद व्हावे लागेल. मुंबईवरच्या 2008 च्या हल्ल्यानंतर मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे आली, समुद्रात तपासणी वाढली. अशा वेळी दुसऱ्याच्या नावाची बोट घेऊन निघणे कोणीही करू नये, आणि आपल्या मुलांनी तर मुळीच नाही.

संध्याकाळी नाखवाच्या ओटीवर चहा झाला. इसारपावती लिहायला आम्हालाच सांगितले. व्यवहारात मालाचा ऐब सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे, हे आपल्या घरांत सर्वांना ठाऊक असते. इथे समोरचा माणूस ख्रिस्ती होता, त्याला हे कसे रुचेल असे वाटले. म्हणून पावतीत दोष लिहिण्याची परवानगी मागितली. सुटलेली राळ, गंजलेले खिळे, डाव्या बाजूच्या तीन फळ्या, असे सहा दोष लिहिले आणि वाचून दाखवले. नाखवाने ऐकले, थोडा थांबला आणि म्हणाला, “सर, सातवं लिहा. सुकाणूची खालची कडी झिजलीय, पाण्यात होती म्हणून तुम्हाला दिसली नाही.” आम्ही लिहिले. भावातून त्या कडीचे पैसे त्याने स्वतःच वजा केले.

बाकीची रक्कम नाव बदलल्यावर द्यायची ठरली. मासेमारी 1 जून ते 31 जुलै, असे 61 दिवस बंद असते. त्या काळात बोट इथेच ओढून ठेवायची, खिळे आणि फळ्या इथल्याच सुताराकडून करून घ्यायच्या. नंतर पाऊस ओसरला की भांगाचे मंद पाणी बघून अर्नाळ्याचे तांडेल ती बाणकोटला नेऊन देणार आहेत. भाच्याने त्यांना विचारले की मी सोबत येऊ का. ते म्हणाले, “तू नाही आलास तर बोट उतरवून घेणार कोण?”